मोटारीच्या परवान्यात स्कूटर येत नाही

सिल्वासाहून मसाट, रखोलीच्या कारखान्यांकडे सकाळच्या पाळीला निघालेला कामगार बहुधा दुचाकीवर असतो. रविवारी कुटुंबाला दुधनीला नेताना तोच मोटार चालवतो. दोन्ही वाहने एका घरातली असली, तरी कायद्याच्या लेखी त्यांचे वर्ग निराळे आहेत. ज्याच्या परवान्यावर केवळ ‘एलएमव्ही’ ही अक्षरे आहेत, तो स्कूटरवर बसताच विनापरवाना चालक ठरतो. मोठे वाहन येते म्हणजे लहान त्यात आलेच, हा समज मात्र सुशिक्षितांतही आढळतो.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १० मध्ये विनागिअर मोटारसायकल, गिअरची मोटारसायकल आणि हलके मोटार वाहन असे स्वतंत्र वर्ग आहेत. यात एकच सवलत आहे. गिअरच्या दुचाकीची चाचणी उत्तीर्ण झालेल्यास विनागिअर दुचाकीचीही चाचणी उत्तीर्ण मानले जाते. उलट मात्र नाही. म्हणून दुचाकीचा वर्ग निवडताना, शक्य असल्यास, गिअरचाच निवडावा. मोटारीत असा भेद नाही. स्वयंचलित गिअरच्या मोटारीसाठी आपल्याकडे वेगळा वर्ग नाही. सोळाव्या वर्षी मिळणारा दुचाकीचा परवाना ५० घनसेंमीपर्यंतच्या इंजिनापुरताच आहे. रस्त्यावर दिसणाऱ्या बहुतेक पेट्रोल स्कूटर त्याहून मोठ्या इंजिनाच्या असल्याने त्यांच्यासाठी १८ वर्षे पूर्ण हवीत.

दोन्ही वर्ग एकाच अर्जात मागता येतात. केंद्रीय नियमांतील २०१६ च्या दरांनुसार शिकाऊ परवान्यास प्रतिवर्ग १५० रुपये आणि वाहन चाचणीस प्रतिवर्ग ३०० रुपये लागतात. पक्क्या परवान्याचे २०० रुपये मात्र एकदाच. तोच दुसरा वर्ग मागाहून जोडायचा, तर केवळ नोंदीचे ५०० रुपये द्यावे लागतात, शिवाय शिकाऊ परवाना व चाचणी पुन्हा आलीच. स्थानिक आकार याहून वेगळे असू शकतात.

पैशांपेक्षा विम्याचा प्रश्न गंभीर आहे. विनापरवाना चालवल्याचा ५,००० रुपये दंड एकदा भरून मोकळे होता येते. पण अपघात झाला आणि त्या वाहनाचा वर्ग परवान्यावर नसला, तर वाहनाच्या नुकसानीचा दावा नाकारला जाऊ शकतो. मालक-चालकाच्या १५ लाखांच्या वैयक्तिक अपघात विम्यालाही वैध परवान्याचीच अट आहे. तिसऱ्या व्यक्तीला कंपनीने भरपाई दिली, तरी ती रक्कम मालकाकडून वसूल करण्याची मुभा न्यायालये तिला देतात. आपली स्कूटर भावाला किंवा शेजाऱ्याला देणाऱ्यानेही हे ध्यानात ठेवलेले बरे. परवाना नसलेल्याच्या हाती वाहन देणे हाही स्वतंत्र गुन्हा आहे.

छोटे टेम्पो चालवणाऱ्यांना सर्वोच्च न्यायालयाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी दिलासा दिला: साडेसात हजार किलोपर्यंतच्या मालवाहू वाहनास ‘एलएमव्ही’ परवाना पुरेसा आहे. दुचाकीला मात्र या निकालाचा काहीही उपयोग नाही.

ज्यांच्या परवान्यावर आज एकच वर्ग आहे, त्यांनी ‘सारथी’ संकेतस्थळावरून दुसऱ्या वर्गासाठी शिकाऊ परवाना घ्यावा. तो सहा महिने चालतो आणि चाचणी ३० दिवसांनंतर देता येते. ज्या वर्गाची चाचणी, त्याच वर्गाचे वाहन सोबत न्यावे लागते.