पेटीवर चालणारा पडदा

दक्षिण कोलकात्यात २०१४पासून भरणाऱ्या ‘कोलकाता पीपल्स फिल्म फेस्टिव्हल’ला ना तिकीट आहे, ना प्रायोजक. पीपल्स फिल्म कलेक्टिव्ह हा २०१३ साली उभा राहिलेला गट तो भरवतो. सरकार, कंपन्या किंवा एनजीओ यांच्याकडून पैसा घ्यायचा नाही, हा त्यांचा पहिल्यापासूनचा नेम. खर्च भागतो तो लोकांच्या वर्गणीवर आणि दारातल्या पेटीत पडणाऱ्या नोटांवर.

ही पेटी म्हणजे नुसता साधेपणाचा सोस नव्हे. सरकारी योजनेतला घोळ दाखवणारा माहितीपट सरकारच्याच अनुदानावर दाखवायचा म्हटलं, तर कात्री आधी आयोजकाच्या डोक्यात चालते. इथे पैसे देणारा आणि बघणारा एकच, त्यामुळे मर्जी सांभाळायची ती फक्त प्रेक्षकांची. आणि ते काही कमी खट नसतात. खेळ संपला की दिग्दर्शक समोर उभा राहतो आणि प्रश्नांची सरबत्ती सुरू होते. वर्षभर हीच मंडळी प्रोजेक्टर घेऊन बंगालमधल्या गावांत आणि लहान शहरांत खेळ करत हिंडतात.

मराठी वाचकाला यात नवल वाटू नये. आनंद पटवर्धनांनी चौदा वर्षं खपून केलेला ‘जय भीम कॉम्रेड’ हा माहितीपट २०१२च्या सुमारास मुंबईच्या चाळीचाळींत, वस्त्यावस्त्यांत दाखवला गेला. ११ जुलै १९९७ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसं मेली. जमाव गॅसचे टँकर पेटवायला निघाला होता, असं पोलिसांचं म्हणणं. त्यासाठी पुढे केलेली चित्रफीतच पटवर्धन तपासायला घेतात : टँकर कुठे उभे, गोळ्या कुठे झाडल्या, मधे अंतर किती. हा गोळीबार समर्थनीय नव्हता, असं चौकशी आयोगानंही म्हटलं होतं. पण आयोगाचा अहवाल वस्तीत कोण वाचतो? पडद्यावर मात्र तो टँकर सगळ्यांनी एकदम बघितला.

एकदम, एकत्र बघण्यात काय आहे, हे राजस्थानातल्या जनसुनवाईनं आधीच दाखवून दिलं होतं. डिसेंबर १९९४मध्ये कोट किराना इथे मजदूर किसान शक्ती संघटनेनं पहिली सुनवाई भरवली. सरकारी कामांचे कागद भर सभेत मोठ्यानं वाचायचे आणि ज्यांच्या नावावर मजुरी लावली, त्यांनाच विचारायचं, कामावर होतास का? आपल्याकडे रोजगार हमीच्या हजेरीपटावरची बोगस नावं पाहिलेल्यांना पुढचं सांगायला नको. त्या सभांतूनच माहितीच्या अधिकाराची मागणी बळावली आणि २००५ साली कायदा झाला. सिनेमाचा खेळ हा या सुनवाईचा चुलतभाऊ. फरक इतकाच की सुनवाईत ज्यांना जाब विचारायचा, ते निदान हाकेच्या अंतरावर असतात.

दुबळी जागा नेमकी इथेच. अशा खेळांना येतात ते बहुतेक आधीच पटलेले लोक. साहेब फिरकत नाहीत. तरीही वरचे घाबरतात, याचा पुरावा हवा तर दिव्या भारतींचा ‘कक्कूस’ आठवावा. हातानं मैला उचलायला लावण्यावर २०१३च्या कायद्यानंही बंदी घातली. काम तरीही चालूच आहे, हे २०१७च्या या तमिळ माहितीपटानं दाखवलं. पोलिसांनी त्याचे खेळ अडवले. मग तो यूट्यूबवर गेला.

कोलकात्यातच अशा खेळाची खरी गरज मला न्यू टाउनमध्ये दिसते. राजारहाटच्या शेतजमिनी घेऊन हिडको या सरकारी कंपनीनं वसवलेलं हे उपनगर. नजरुल तीर्थमध्ये चांगली सिनेमागृहं आहेत, तीही हिडकोचीच. कारभार बघतं एनकेडीए हे सरकारनियुक्त प्राधिकरण. पाणी तुंबलं तर गचांडी धरायला निवडून दिलेला नगरसेवकच नाही. सोसायट्यांचे हॉल आहेत, पांढऱ्या भिंती आहेत, आणि विषय शोधायलाही लांब जायला नको : घरं ज्या जमिनीवर उभी आहेत, ती कुणाकडून, काय भावानं आणि कशी घेतली?