कोकोची विद्या आणि बागायतदाराची शिल्लक
(आंतरपिके : लेखांक सहावा)

मागील लेखांकात रत्नागिरीजवळील भाट्ये येथील नारळ संशोधन केंद्राने पुरस्कारिलेल्या ‘लाखी बागे’चा, म्हणजे माडांच्या सावलीत मसाल्याची झाडे लावण्याच्या पद्धतीचा, परामर्श घेतला होता. त्याच सावलीत कोकोही वाढतो. तेव्हा वसईच्या ज्या बागायतदारांच्या मनात हे पीक घोळत असेल त्यांच्यासाठी आज एवढाच प्रश्न विचारात घेऊ की, प्रशिक्षणवर्गात मिळणारी विद्या जमाखर्चाच्या वहीत नफा होऊन उतरते काय.

मशागतीपुरते पाहिले तर ती निःसंशय उतरते. कोकोच्या बहुतेक कलमांना स्वतःचा पराग चालत नाही. त्यामुळे एकाच मातृवृक्षाची कलमे लावून बाग भरणाऱ्या अनभिज्ञ शेतकऱ्याची झाडे फुलांनी डवरतात, परंतु फळ धरीत नाहीत. हा पराग वाहून नेणारी चिलटे कुजत्या पाल्यापाचोळ्यात आणि केळीच्या कापलेल्या खांबांत वाढतात, हे ज्याला शिकविले गेले तो वाडीतील केळीचे खांब बाहेर फेकून न देता कोकोच्या बुंध्याशी पसरतो. आणि केळीच्या खांबांची वसईला कधी वाण पडली आहे? पाणफुटवे वेळच्या वेळी काढणे, वारा खेळता ठेवून पावसाळ्यात फळे काळी पडून कुजण्याचा रोग आटोक्यात ठेवणे, फळ ओढून न काढता कोयत्याने कापणे (कारण देठाच्या त्याच जागी पुन्हा फुले येतात), यांपैकी एकाही गोष्टीला मोठे भांडवल लागत नाही.

परंतु विद्येची खरी कसोटी काढणीनंतर लागते. गरासह बिया ढिगात वा पेटीत सुमारे सहा दिवस आंबवाव्या लागतात, मधून मधून उलथाव्या लागतात, आणि नंतर त्यांतील ओल सहा-सात टक्क्यांवर येईतो वाळवाव्या लागतात. यात कसूर झाली तर चॉकलेटचा स्वाद बीमध्ये उतरतच नाही. राजेळी केळ्याची सुकेळी करणाऱ्या वसईकराला हे सांगणे न लगे. पीक पिकविण्याइतकीच ते सुकविण्याचीही एक विद्या असते आणि मोल तिच्यामुळे चढते, हे त्याच्या घरात पिढ्यान्पिढ्या ठाऊक आहे.

एवढी विद्या हस्तगत झाली तरी भाव शेतकऱ्याच्या हाती येत नाही. १९६५ साली कॅडबरी कंपनीने वायनाडमधील चुंडेल येथे प्रात्यक्षिक-क्षेत्र उभारून केरळात कोकोचा प्रसार केला, लोकांनी उत्साहाने झाडे लावली, आणि १९८० च्या सुमारास जागतिक भाव कोसळून खरेदी आखडताच हवालदिल झालेल्या अनेकांनी ती उपटून टाकली. झाडांची निगा राखण्याचे त्यांचे ज्ञान रातोरात लोपले नव्हते. गिऱ्हाईक मात्र नाहीसे झाले होते. त्या संकटात मंगळूरच्या ‘कॅम्पको’ या सुपारी उत्पादकांच्या सहकारी संस्थेने कोकोची खरेदी हाती घेतली आणि १९८६ साली पुत्तूर येथे स्वतःचा चॉकलेटचा कारखाना काढला. माझ्या मते त्या कारखान्याने शेतकऱ्याचे जे हित साधले, ते शंभर व्याख्यानांनी साधले नसते. अगदी अलीकडे, पश्चिम आफ्रिकेतील पीक बुडाल्यामुळे डिसेंबर २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या वायदेबाजारात कोकोचा भाव टनाला १२,००० डॉलरच्या वर गेला आणि पुढल्या वर्षात जवळजवळ निम्म्यावर उतरला. अशा लाटांपुढे एकट्या-दुकट्या वाडीवाल्याचा निभाव लागणे कठीण.

म्हणून वसईकरांना माझी विनंती अशी की, डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या कृषी विज्ञान केंद्राकडे वा दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाकडे कोकोच्या प्रशिक्षणाची मागणी करताना ती गावाच्या वतीने करावी, आणि शिक्षणक्रमात आंबवणी, वाळवणी व सामुदायिक विक्री यांचा समावेश असावा असा आग्रह धरावा. १९१८ साली सहकारी पतपेढी स्थापून तिची बँक करून दाखविणाऱ्या या भूमीला एकत्र येण्याचे धडे देण्याचे कारण नाही. खरेदीदाराशी लेखी करार होईपर्यंत मात्र कोणीही चार-दोन झाडांपलीकडे लागवड करू नये.