बांधावरचं सात ठिपक्यांचं झुरळ

युरोपात आणि अमेरिकेत हौसेने कीटक पाळणारी माणसं पुष्कळ आहेत. त्यांच्या काचपेट्यांत मादागास्करचं फूत्कार टाकणारं झुरळ हमखास असतं. त्याच्या शेजारी बऱ्याचदा आणखी एक असतं: काळंकुळकुळीत, जेमतेम इंचभर, गोलसर पाठीवर पांढुरके सात ठिपके असलेलं. शास्त्रीय नाव थेरिया पेटिव्हेरियाना. ते मूळचं दक्षिण भारतातल्या कोरड्या, झुडपी रानातलं. माण-खटाव, जत, आटपाडी, कवठेमहांकाळ या तालुक्यांत बाभळी-बोरीच्या सावलीला जशी जमीन असते, तशा जमिनीत ते राहतं. तिकडे लोक त्याच्या पिढ्यांमागून पिढ्या जपून वाढवतात, एकमेकांना पिल्लं देतात. इकडे ते पावसाळ्यात अंगणात आलंच तर आपला हात चपलेकडे जातो.

कार्ल लिनियसने १७५८ साली या प्राण्याला नाव दिलं, तेव्हा त्यालाही ते झुरळ वाटलं नव्हतं. त्याने ते कॅसिडा या भुंगेऱ्यांच्या प्रजातीत घातलं. नाव दिलं जेम्स पेटिव्हर याच्या स्मरणार्थ. पेटिव्हर हा लंडनमधला औषधविक्रेता. जगभर फिरणाऱ्या जहाजांवरच्या डॉक्टरांकडून तो वनस्पती आणि किडे मागवत असे, आणि मद्रासच्या किल्ल्यातून त्याला बरंच काही मिळत असे. लिनियसची चूक समजण्यासारखी आहे. आपल्याकडच्या माळरानावर सहा ठिपक्यांचा एक मोठा काळा भुंगेरा फिरतो, अँथिया सेक्सगुट्टाटा. त्याला डिवचलं की तो अंगातून झोंबणारं आम्ल फवारतो, त्यामुळे पाखरं त्याच्या वाटेला फारशी जात नाहीत. या झुरळाने त्याचंच सोंग घेतलं असावं, असं कीटकशास्त्रज्ञ मानतात. शिवाय झुरळाजवळ स्वतःचंही हत्यार आहे. त्याच्या अंगातल्या ग्रंथींतून उग्र वासाचा स्राव येतो, आणि तो वास आसपासच्या भाऊबंदांना धोक्याची सूचना देतो.

घरात झुरळ पाळायचं म्हटलं की पहिली प्रतिक्रिया किळसेची येणार, आणि ती मी नाकारत नाही. पण ही किळस नेमक्या कोणाची आहे, हे पाहायला हवं. जगात झुरळांच्या साडेचार हजारांहून जास्त जाती नोंदल्या गेल्या आहेत. त्यांपैकी तीसेक जातीच माणसाच्या वस्तीशी जोडलेल्या आहेत, आणि खरा उपद्रव देणाऱ्या तर बोटावर मोजण्याइतक्या. भारतात दीडशेहून जास्त जाती आहेत आणि बहुतेकांनी आपलं स्वयंपाकघर कधी पाहिलेलं नाही. ओट्याखालचं बारकं तपकिरी जर्मन झुरळ मात्र आपल्याच मुलखातून निघालेलं आहे. १७ देशांतल्या नमुन्यांच्या जनुकांवरून २०२४ साली संशोधकांनी दाखवलं, की सुमारे २१०० वर्षांपूर्वी भारत-म्यानमारच्या बाजूला एका रानझुरळापासून ते वेगळं झालं आणि माणसाबरोबर जगभर पसरलं. त्या एका घराण्याने आमच्या उष्ट्या-खरकट्यावर जगायचं ठरवलं. बाकीची झुरळं पाचोळ्यातच राहिली.

पाचोळ्यात राहणं म्हणजे काय, हे ठिपकेवाल्या झुरळाच्या आयुष्यक्रमात छान दिसतं. पिल्लं मातीत, काही बोटं खोलवर राहतात. उन्हाळ्यात वरची माती भाजून निघते तेव्हा ती झुडपाच्या सावलीखालच्या थंड थरात उतरतात. कात टाकत टाकत साधारण वर्षभर ती अशी जमिनीखाली वाढतात. तपकिरी, चपटी, मातीच्या कणांनी माखलेली पिल्लं पाहून त्यांचा ठिपकेवाल्या आईबापांशी काही संबंध असेल असं कोणी म्हणणार नाही. पावसाळ्याच्या सुमारास प्रौढ बाहेर पडतात आणि उरलेले थोडे महिने जोडीदार शोधण्यात आणि अंडी घालण्यात जातात. मादी लहानसा, कडक, तांबूस अंडीकोष मातीत सोडते.

वाळलेल्या पानांत खायला सत्त्व ते किती? नत्र तर फारच थोडं. झुरळांच्या जवळजवळ सगळ्या जातींच्या चरबीत ब्लॅटाबॅक्टेरियम नावाचे जिवाणू पिढ्यान्‌पिढ्या राहतात. अंगातलं टाकाऊ युरिक आम्ल वापरून ते झुरळाला लागणारी अमिनो आम्लं बनवून देतात. मादीच्या अंगातून ते अंड्यात जातात, म्हणजे हा ठेवा आईकडूनच मिळतो. वाळवी हीसुद्धा झुरळांच्याच वंशातली आहे, हे आता जनुकांवरून सिद्ध झालं आहे. नागपंचमीला आपण ज्या वारुळाला हळदकुंकू वाहतो, ते लाकूड खाणाऱ्या झुरळांच्या एका शाखेने बांधलेलं असतं.

आता पाळण्याकडे येऊ. झाकणाचा प्लास्टिकचा डबा किंवा जुनी काचपेटी चालते. झाकणाला मोठं भोक पाडून त्यावर बारीक स्टीलची जाळी बसवावी, कारण प्रौढ झुरळं, विशेषतः नर, फडफडत उडतात. तळाशी आठ-दहा सेंटिमीटर थर हवा: धुतलेलं कोकोपीट, बांधावरची भुसभुशीत माती, कुजट लाकडाचा चुरा आणि कुस्करलेली वाळकी पानं. ओलीचं गणित सगळ्यात महत्त्वाचं. थराचा खालचा भाग दमट आणि वरचा कोरडा, असं हवं. त्यासाठी पाणी वरून शिंपडू नये, डब्याच्या एका कोपऱ्यातून सावकाश सोडावं. सगळीकडे चिखल झाला की बुरशी धरते आणि अंडीकोष जातात. सगळं कोरडं पडलं की पिल्लं कात टाकताना अडकतात.

पानं कुठली घ्यायची, यावर सांगली-साताऱ्यात जास्त विचार करावा लागतो. तासगाव-पलूसच्या द्राक्षबागांतली पानं घेऊ नयेत, तिथे हंगामात फवारणीवर फवारणी होते. कडुनिंबाचा पालाही टाळावा, त्यातल्या द्रव्याने किड्यांची वाढ आणि कात टाकणं बिघडतं. आंबा, वड, बोर यांची आपणहून गळलेली पानं उत्तम. बिनफवारणीच्या उसाचं पाचटही घालता येतं. कृष्णाकाठी तोडणीनंतर पाचट पेटवून देतात तेव्हा जमिनीच्या वरच्या थरातले किती जीव जळतात, हे मला दरवर्षी खुपतं. पाचट सरीत तसंच कुजवणारे शेतकरी खताबरोबर ही सगळी प्रजाही राखतात. वरचं खाणं म्हणून केळ्याची किंवा सफरचंदाची फोड, गाजर, काकडी, अधूनमधून चिमूटभर मासळीचं खाद्य पुरतं. फळाची फोड एक-दोन दिवसांत काढून टाकावी, नाहीतर चिलटं जमतात. त्याच खोलीत डासांची अगरबत्ती, मच्छर पळवणारं यंत्र, झुरळांचा खडू किंवा डांबरगोळ्या असतील तर पेटी तिथे ठेवूच नये.

शेणखताच्या ढिगात किंवा कुंडीत मातीत बुडी मारणारं तपकिरी, चकचकीत झुरळ सापडलं तर ते या पेटीत घालू नका. ते सुरिनामी झुरळ असू शकतं. त्याच्या माद्या नराविना पिल्लं देतात आणि थोड्याच दिवसांत पेटी त्यांचीच होते.

रानातून आणायचं तर कुठून, हा प्रश्न मला पाळण्यापेक्षा मोठा वाटतो. साताऱ्याच्या पश्चिमेला महाबळेश्वरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरांहून जास्त पाऊस कोसळतो आणि पूर्वेला माणमध्ये त्याचा दहावा हिस्सा पडायची मारामार. पश्चिमेच्या ओल्या पट्ट्यात कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान आहे, आणि २०१० पासून दोन्ही मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. अशा ओल्या जंगलांत पडून कुजणाऱ्या ओंडक्यांत वेगळ्या झुरळांचा संसार असतो. आशियातल्या पॅनेस्थिया प्रजातीची झुरळं लाकूड पोखरून आत कुटुंबाने राहतात. लाकूड पचवायची पाचकद्रव्यं त्यांचं शरीर स्वतः तयार करतं. मादी अंडी बाहेर टाकत नाही, जिवंत पिल्लांना जन्म देते. उडायची गरज संपली की प्रौढांचे पंख तुटून जातात. पाळणाऱ्याला भुरळ पडावी असाच हा प्राणी आहे. पण अभयारण्यातून किंवा राष्ट्रीय उद्यानातून परवानगीविना कुठलाही वन्यजीव उचलणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. तो जीव कायद्याच्या परिशिष्टात नसला तरीही. राखीव जंगलातलं कुजकं लाकूड, पाचोळा, वरची माती हेसुद्धा १९२७ च्या वन कायद्याने वनउपज ठरतं. २००८ साली दार्जिलिंगजवळच्या सिंगालिला राष्ट्रीय उद्यानात किडे गोळा करणाऱ्या दोन चेक नागरिकांना अटक झाली होती. परदेशी मित्राने पिल्लं मागितली तरी टपालाने पाठवू नयेत. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे त्यासाठी चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची आधी परवानगी लागते. धों. म. मोहिते यांच्या पुढाकाराने उजाड डोंगरावर उभं राहिलेलं सागरेश्वर १९८५ पासून अभयारण्य आहे, तेव्हा तिथलाही मोह नको. तिथे जाऊन पाचोळ्याकडे बसून पाहावं.

घेण्याची जागा म्हणजे स्वतःचं रान, किंवा मालकाला विचारून दुसऱ्याचा बांध. पावसाला सुरुवात झाल्यावर संध्याकाळी झुडपाखाली दिसलेली दोन-तीन जोडपी पुरेत. मातीतून पिल्लं उपसून काढू नयेत, त्यात बांधाची सावलीची जागाच मोडते. बत्तीस शिराळ्यात नागपंचमीआधी नाग पकडून मडक्यात ठेवायची आणि पूजेनंतर पुन्हा रानात सोडायची जुनी रीत होती, ती न्यायालयाच्या आदेशाने थांबली. जिथलं तिथे परत सोडायचं, ही त्या रिवाजातली जाणती बाजू मात्र घेण्यासारखी आहे.

घरात कोणाला दमा असेल तर विचार करूनच पेटी ठेवावी. झुरळांच्या कातीचा आणि विष्ठेचा भुगा काही जणांना बाधतो. पेटी व्हरांड्यात ठेवावी, कोरडा थर बदलताना नाकाला रुमाल बांधावा, नंतर हात धुवावेत. लहान मुलांना हे काम आवडतं. शाळेतल्या विज्ञानाच्या कोपऱ्यासाठी याहून स्वस्त काही नाही, फक्त वर्ष थांबायची तयारी हवी. पहिल्या हंगामातली ठिपकेवाली झुरळं मेली की पुष्कळ जण पेटी रिकामी करतात आणि मातीतले अंडीकोष उकिरड्यावर जातात. तसं करू नये. थर जपून चाळावा, तांबूस अंडीकोष निवडून वेगळ्या दमट डब्यात ठेवावेत, आणि डब्यावर गावाचं, बांधाचं नाव आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी लावावी. पिल्लं जास्त झाली तर त्याच बांधावर, त्याच झुडपाखाली सोडावीत. कोणाला द्यायची झाली तर ती चिठ्ठी बरोबर द्यावी. जतची आणि दहिवडीची पिल्लं एका पेटीत मिसळू नयेत.