थकव्यावर टेस्टोस्टेरॉनचा उतारा कितपत गुणकारी?

साठी उलटली की थकवा जाणवू लागतो, कामेच्छा मंदावते, स्नायूंचे बळ ओसरते. अशा वेळी रक्ततपासणीत टेस्टोस्टेरॉन कमी आढळले, तर सर्व तक्रारींचे मूळ सापडल्यासारखे वाटते. पण हे संप्रेरक बाहेरून दिल्याने गेलेला जोम परत येतो काय?

वृषण किंवा पीयूषिका ग्रंथीच्या विकारामुळे टेस्टोस्टेरॉन घटले असेल, तर हा उपचार प्रस्थापित आहे. मतभेद आहेत ते केवळ वयोमानाने होणाऱ्या घटीविषयी. अमेरिकेत ६५ वर्षे व त्यापुढील वयाच्या ७९० पुरुषांवर झालेल्या चाचण्यांचे मुख्य निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. वर्षभर टेस्टोस्टेरॉनचे जेल वापरणाऱ्यांची लैंगिक क्षमता मध्यम प्रमाणात सुधारली, मनःस्थितीही किंचित उजळली. मात्र ज्या थकव्यासाठी अनेक जण हा उपचार मागतात, त्यावर ठोस लाभ दिसला नाही. स्मरणशक्तीही सुधारली नाही.

हृदयाविषयीच्या शंकेचे उत्तर २०२३ मध्ये मिळाले. हृदयविकार असलेल्या किंवा त्याचा धोका असलेल्या सुमारे ५,२०० पुरुषांमध्ये हृदयविकाराचा झटका, पक्षाघात व हृदयविकाराने मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण उपचार घेणाऱ्यांत ७ टक्के, तर न घेणाऱ्यांत ७.३ टक्के होते. हा दिलासा असला, तरी हृदयाची अनियमित गती, फुप्फुसातील रक्ताची गुठळी आणि मूत्रपिंडाची तीव्र दुखापत हे प्रकार उपचार घेणाऱ्यांत अधिक आढळले. अस्थिभंगाचे प्रमाणही त्यांच्यात जास्त निघाले.

म्हणून केवळ एका अहवालावर विसंबून औषध सुरू करू नये. तपासणी सकाळी, दोन वेगवेगळ्या दिवशी करावी. आजारपणात ही पातळी तात्पुरती घसरते. स्थूलता व मधुमेह यांमुळेही ती खालावते आणि वजन उतरले की बऱ्याचदा सावरते. थकव्यामागे रक्तक्षय, थायरॉईडचा विकार, नैराश्य किंवा झोपेतील श्वसनदोष नाही ना, हे आधी पाहावे.

प्रोस्टेट वा स्तनाचा कर्करोग असल्यास हा उपचार सहसा टाळतात. अपत्याची इच्छा असणाऱ्यांनीही तो घेऊ नये, कारण त्याने शुक्राणूंची निर्मिती मंदावते. उपचार घेतलाच, तर रक्त प्रमाणाबाहेर दाट होत नाही ना, हे वेळोवेळी तपासावे लागते. लैंगिक तक्रारीत वर्षभरात फरक न पडल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने औषध थांबवावे.