चारही चाकांचे ओझे

ज्या मुलुखात हिवाळ्याचे चार महिने रस्ते बर्फाखाली असतात, त्या अमेरिकेतील व्हरमाँट वा कोलोरॅडोच्या रहिवाशांना कचेरीत जाण्यासाठी चारही चाकांना शक्ती पुरविणारी मोटार प्रिय असावी, हे स्वाभाविकच होय. आणि १९७२ साली ‘लिओने’ स्टेशन वॅगनमधून ही योजना रूढ करणाऱ्या जपानच्या सुबारूला तेथे जो लौकिक लाभला, तोही अनाठायी नव्हे. गंमत अशी, की चारही चाके फिरविणाऱ्या ज्या यंत्रणेविषयी ग्राहक साशंक असतो ती बहुधा निमूट चालत राहते, आणि नव्वदीच्या दशकातील सुबारूच्या अडीच लिटर इंजिनांची बदनामी झाली ती मात्र हेड गॅस्केटच्या गळतीमुळे. तथापि चारांपैकी एकच टायर नवा बसविला, तर व्यासातील भेदामुळे तो निराळ्या गतीने फिरतो आणि मधल्या क्लचवर वा डिफरन्शियलवर अहोरात्र ताण येऊन ती महागडी यंत्रणा अकाली झिजते; म्हणून चारही टायरांच्या परिघांत सुमारे ६ मिलिमीटरहून अधिक तफावत नसावी, असा दंडक आहे. सबब, जुनी गाडी घेणाऱ्याने मीटरवरील आकड्याइतकेच टायर आणि डिफरन्शियलचे तेल बदलल्याचे दप्तरही तपासावे.