कालवाच्या घरचा पाहुणा

पाहुणा चार दिवसांचा असला तर गोड वाटतो. पण तो जन्मभर राहू लागला तर? समुद्रातील कालवाच्या वाट्याला असा एक पाहुणा येतो. तो म्हणजे वाटाण्याएवढा खेकडा.

शिंपल्यात राहणाऱ्या अशा छोट्या खेकड्याला ग्रीक पंडित ॲरिस्टॉटल याने शिंपल्याचा रखवालदार मानले होते. रखवालदार गेला की धनीही मरतो, असे त्याने लिहून ठेवले. ही मैत्रीची कथा शतकानुशतके चालत आली. खरा प्रकार मात्र निराळा आहे.

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील कालवांत राहणाऱ्या खेकड्याचे शास्त्रीय वर्णन थॉमस से याने १८१७ साली केले. त्याची करणी समजण्यासाठी आधी कालवाचे जेवण समजले पाहिजे. कालव जागचा हलत नाही. शिंपा किंचित उघडून तो पाणी आत घेतो. पाण्यातील सूक्ष्म वनस्पती कल्ल्यांवरील चिकट द्रावात अडकतात आणि त्यांच्या बारीक दोऱ्या तोंडाकडे सरकतात. श्वासही कल्ल्यांनीच आणि घासही कल्ल्यांनीच!

खेकड्याचे चिमुकले पिल्लू असेच आत शिरते. मादी आत वाढते, तिचे कवच मऊ पडते आणि मग ती तेथेच राहते. नर लहान व टणक असतो. तो मीलनासाठी तिच्याकडे येतो. मादी कल्ल्यांवर ठाण मांडून तोंडाकडे चाललेल्या दोऱ्या ओढून खाते. ताट कालवाचे, घास खेकड्याचा.

एवढ्यावर भागले असते तर त्याला सहभोजी म्हणून सोडून देता आले असते. परंतु १९४५ साली स्टाउबर या संशोधकाने डेलावेअर उपसागरातील कालवे तपासून कल्ल्यांना होणारी इजा दाखवून दिली. खेकड्याच्या वावराने कल्ले झिजतात व तुटतात. आधीच अन्न कमी, त्यात जखमा भरण्याचा भार, कालव रोडावतो.

आपल्या मुंबईच्या कालवावर आवटी व राय यांनी १९३१ साली प्रबंध प्रसिद्ध केला. खेकडा असलेल्या कालवांत त्यांना माद्यांपेक्षा नर बरेच जास्त आढळले. कालव आयुष्यात लिंग बदलू शकतो आणि अंडी तयार करण्यास पोषण अधिक लागते, हे ध्यानात घेतले म्हणजे या निरीक्षणाचे मोल कळते.

खाणाऱ्याला या खेकड्यापासून अपाय नाही. अमेरिकेत तर तो आवडीने खातात. पण ओहोटीला कोयती घेऊन खडकांवर जाणाऱ्या आमच्याकडच्या बायकांना विचारा. भरलेला कालव काय आणि रोडका काय, फोडायला कष्ट सारखेच. पाटीत पडणारे मांस मात्र कमी.

खेकडा सहसा कालवाला मारत नाही. मारले तर त्याचेच घर जाईल. बाहेरून शिंपा शाबूत दिसतो. परंतु जिवंत असणे वेगळे आणि धडधाकट असणे वेगळे. हा फरक ओळखायचा तर शिंपा उघडूनच पाहावा लागतो.