कृत्रिम पाय : दानानंतरचा प्रश्न

आपल्यातील अनेक कुटुंबे पुण्यतिथी, वर्धापनदिन अशा निमित्ताने कृत्रिम पायांच्या शिबिरांना साहाय्य करतात. किती पाय बसविले, ती संख्या समारंभात जाहीर होते. त्यांपैकी किती पाय सहा महिन्यांनंतरही नित्य वापरात आहेत, याची विचारणा मात्र क्वचितच होते.

१९६८ साली जयपूरमध्ये कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांच्या प्रयत्नांतून ‘जयपूर फूट’ साकारले. अनवाणी चालता येईल, उकिडवे व मांडी घालून बसता येईल, असे ते रबरी पाऊल भारतीय राहणीला मानवले. देवेंद्रराज मेहता यांनी १९७५ मध्ये स्थापन केलेल्या भगवान महावीर विकलांग सहाय्यता समितीने ते विनामूल्य असंख्य गरजूंपर्यंत पोहोचविले.

परंतु पाऊल कितीही उत्तम असले, तरी वापरणाऱ्याचे सुख ठरते ते वर, गुडघ्याखाली उरलेला पाय ज्यात बसतो त्या सॉकेटमध्ये. सॉकेटचे माप एकदा घेतले जाते. उरलेल्या पायाचे माप मात्र स्थिर राहत नाही. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या वर्षात सूज ओसरून तो बारीक होतो. पुढेही दिवसभराच्या वावरात त्यातील द्रव कमी-अधिक होतो. सकाळी नेमके बसलेले सॉकेट सायंकाळी सैल पडते. पाय आत वरखाली घासतो, कातडी सोलवटते. डायलिसिस घेणाऱ्या रुग्णांत हा फरक अधिक जाणवतो. सैलपणावरचा जुना उपाय म्हणजे मोज्यांचे थर वाढविणे. त्यासाठी प्रत्येक वेळी पाय काढावा लागतो. दुकानात गिऱ्हाइकांसमोर किंवा प्रवासात ते संकोचाचे होते, आणि मनुष्य वेदना सोसत राहतो.

जुळवून घेता येणारे सॉकेट येथे उपयोगी पडते. त्याच्या भिंतीतील काही भाग हलते असतात. पट्ट्याने, किंवा तारेला जोडलेली चकती फिरवून, पाय न काढता ते आवळता वा सैल करता येतात. चालताना घट्ट, बसल्यावर सैल, अशी सोय होते. अमेरिकेत वॉशिंग्टन विद्यापीठातील जोन सँडर्स यांच्या संशोधनात, बसल्यावर सॉकेट सैल केल्याने उरलेल्या पायातील द्रव टिकून राहण्यास मदत होते, असे दिसले आहे.

तथापि हा सर्वांसाठी रामबाण उपाय नव्हे. अशा सॉकेटचा खर्च अधिक. हलत्या भागांची देखभालही करावी लागते. ज्याच्या हातांत बळ नाही, त्याला चकती फिरविणे अवघड जाते. मधुमेहाने ज्यांची संवेदना मंदावली आहे, त्यांना अति आवळल्याचे कळत नाही आणि जखम होऊ शकते. अशा व्यक्तीने पाय उतरविल्यावर रोज कातडी तपासलीच पाहिजे. घरातील कोणीही त्यास हातभार लावू शकतो.

समाधान मोजण्याचे साधन अगदी साधे आहे. ‘सॉकेट किती सुखकर वाटते? शून्य ते दहापैकी किती गुण द्याल?’ हा प्रश्न तज्ज्ञ स्वतः रुग्णांना विचारतात. उत्तर कमी आले, तर सॉकेट दुरुस्त करावे वा बदलावे.

दाते कुटुंबांनीही हा प्रश्न शिबिराच्या आयोजनात समाविष्ट करावा. देणगीचा काही भाग सहा महिन्यांनंतरच्या तपासणीसाठी, मोज्यांसाठी आणि दुरुस्तीसाठी राखून ठेवावा. व्यापारात माल दिला म्हणून व्यवहार संपत नाही. गिऱ्हाईक समाधानी आहे की नाही, हे आपण पाहतोच. दानातही तेवढीच दक्षता असावी.